भाड्याचा चिलर रोज ट्रिप होतोय? आधी ट्रिपची वेळ लिहून ठेवा

गुढीपाडव्याला आठ दिवस उरले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दुधाच्या प्लांटवरून मेंटेनन्स बघणाऱ्या मुलाचा फोन आला. "साहेब, मशीन बदलून आणलं, तरी दोन वाजलं की बसतंय बघा. सकाळपासनं नुसतं रिसेट मारायलोय."

त्यांच्या अमोनिया प्लांटचा एक कंप्रेसर ओव्हरहॉलिंगला उघडलेला होता. श्रीखंड, लस्सी, ताक यांची मागणी एकदम चढलेली. म्हणून दीड महिन्यासाठी १०० टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एअर-कूल्ड चिलर, म्हणजे पाणी थंड करून त्यातली उष्णता हवेत सोडणारं मशीन, पुण्याहून भाड्यानं आणला होता. पहिला चिलर चार दिवस रोज दुपारी हाय प्रेशरवर, म्हणजे गॅसचा दाब फार चढल्यानं, बंद पडला. मशीन असं स्वतःहून बंद पडलं की त्याला ट्रिप म्हणतात. भांडून दुसरा मागवला. पुन्हा ट्रेलर, पुन्हा हायड्रा क्रेन, पुन्हा पायपांची जोडाजोड, एक अख्खा दिवस गेला. तोही पहिल्याच दुपारी बंद.

मी फोनवर एवढंच विचारलं, "मशीन ठेवलंय कुठं?"

"बॉयलर हाऊस आणि स्टोअरच्या मधल्या बोळात. वर पत्रा आहे, ऊन लागत नाही."

दोन वेगवेगळी मशिनं एकाच जागी, एकाच वेळेला, एकाच अलार्मवर बंद पडत असतील तर तिसरं मशीन आणून काही होणार नाही. दोष जागेत किंवा जोडणीत असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित एमआयडीसी, इचलकरंजीची प्रोसेस हाऊसं, या पट्ट्यात उन्हाळ्यात भाड्याच्या चिलरवर मी जी कामं केली त्यातली बरीचशी या एकाच जातीची आहेत. प्लांट चालू ठेवायचा म्हणून माणसं घाईत मशीन आणतात, घाईत जोडतात आणि मग महिनाभर रिसेटच्या बटणाजवळ एक माणूस बसवून ठेवतात. भाडं चालू राहतं, डिझेल जळतं आणि दूध गरमच राहतं. हे मला बघवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

रिसेट मारण्याआधी

अलार्म आला की हात आपोआप रिसेटकडे जातो. तो थांबवा. डिस्प्लेवर जे दिसतंय त्याचा मोबाईलवर फोटो काढा. नंतर वहीत पाच गोष्टी लिहा: किती वाजता ट्रिप झाला, अलार्मचं नाव काय, पाणी आत येताना आणि बाहेर जाताना किती अंश होतं, तिन्ही फेजचा करंट किती होता, आणि त्या घडीला प्लांटमध्ये काय चालू होतं. शेवटची नोंद बहुतेक जण सोडून देतात, आणि खरं कारण पुष्कळदा तिथंच सापडतं.

रिसेटचा अतिरेक का वाईट, तेही सांगतो. कंप्रेसर सुरू होताना मोटर कित्येक पटीनं करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. ती उष्णता निघून जायला वेळ लागतो, म्हणूनच मशीनमध्ये दोन स्टार्टमधल्या अंतराचा टायमर दिलेला असतो. दहा मिनिटांत तीनदा चालू करायचा प्रयत्न केला आणि एखाद्या हुशार वायरमननं तो टायमरही बायपास केला, तर साधी ट्रिप मोटर जळण्यापर्यंत जाते. मग भाडे कंपनीशी वाद, बिल, आणि तोपर्यंत प्लांट उभा.

चार-पाच ट्रिपच्या नोंदी झाल्या की वही पुढ्यात घेऊन बसा. वेळेवरून बरंच कळतं.

चालू केल्या केल्या, मिनिटाभरात बंद पडत असेल तर फेज उलटा आहे, फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते बघणारा) लागत नाही किंवा व्होल्टेज पडतंय. दुपारी बारा ते चारच्या मध्ये पडत असेल तर कंडेन्सरला (गॅसची उष्णता हवेत सोडणारी कॉइल) मिळणारी हवा बघा. रात्री, किंवा दूध घेणं थांबल्यावर, म्हणजे लोड हलका झाल्यावर पडत असेल तर पाणी फार थंड होतंय किंवा सिस्टीममध्ये पाणीच कमी आहे. वेळेचा काही मेळ लागत नसेल, पण कुठली तरी मोठी मोटर चालू होताना किंवा आभाळ गडगडताना पडत असेल तर वीज. आणि पहिल्या दिवशी तीन वाजता, दुसऱ्या दिवशी एक वाजता, तिसऱ्या दिवशी अकरा वाजता अशी वेळ रोज अलीकडं सरकत असेल, तर कुठं तरी काही तरी साठत चाललंय किंवा कमी होत चाललंय: स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी जाळी) तुंबतोय, फिन (कॉइलच्या पातळ पात्या) धुळीनं भरतायत, नाही तर गॅस गळतोय.

दुपारची ट्रिप

एअर-कूल्ड चिलर पाण्यातली उष्णता उचलतो आणि कंडेन्सरवरून हवेत फेकतो. ती फेकलेली गरम हवा वर निघून गेली पाहिजे. बोळात, भिंतीला चिकटून, वर पत्रा असला की पंख्यांनी फेकलेली हवा पत्र्याला आपटते, खाली वळते आणि त्याच कंडेन्सरमध्ये पुन्हा ओढली जाते. उन्हापासून वाचवायला म्हणून घातलेलं छप्परच मशीनचा गळा दाबतं.

हे ओळखायला महागडं उपकरण लागत नाही. दोन साधे थर्मामीटर घ्या. एक मोकळ्या आवारात सावलीत टांगा, दुसरा कंडेन्सरच्या कॉइलपासून वीतभर अंतरावर, जिथून हवा आत जाते तिथं. दोन्हींत एक-दोन अंशांचा फरक चालतो. त्या दुधाच्या प्लांटवर बाहेर ३७ होतं आणि कॉइलसमोर ४५. आठ अंशांनी जास्त गरम झालेली स्वतःचीच हवा मशीन परत पीत होतं.

आठ अंशांनी काय होतं, ते गेजवर बघा. साधारण हिशेब असा की पूर्ण लोडवर गॅसचं कंडेन्सिंग तापमान आत येणाऱ्या हवेपेक्षा पंधराएक अंश वर असतं. आर-१३४ए गॅस असेल तर ५२ अंशांना गेजवर सुमारे १८५ पीएसआय दिसतं, ६० अंशांना सुमारे २३०. वर फिनमध्ये धूळ असली की आणखी चढतं. हाय प्रेशरचा कट किती पीएसआयला आहे ते मशीनच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते बघून ठेवा. तो कट वाढवून मशीन चालवायचा विचारही मनात आणू नका. ती सेफ्टी आहे.

खात्री करायची आणखी एक रीत: ट्रिप होण्याच्या वेळेच्या आधी कॉइलवर पाण्याचा फवारा मारून बघा. प्रेशर मिनिटाभरात झपकन उतरलं तर रोग हवेच्या बाजूला आहे, गॅसच्या नाही. पण हे तपासणीपुरतंच. रोज बोअरचं पाणी फिनवर मारत राहिलात तर पांढरा क्षार बसतो, दोन आठवड्यांत कॉइल आधीपेक्षा वाईट होते, आणि परत करताना ते खर्चाला लागतं.

त्या दिवशी आम्ही आधी बोळावरचे पत्रे काढले. तेवढ्यानंच संध्याकाळची पाळी निभावली. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे हायड्रा बोलावून मशीन टँकर उभे राहतात त्या मोकळ्या जागेत आणलं. होज चाळीस मीटरनं लांबला, म्हणून पंपाचं प्रेशर पुन्हा तपासून घ्यावं लागलं. दुपारी दोनला सगळे मशीनभोवती उभे होते. गेज १९० च्या आसपास थांबलं आणि मशीन चालत राहिलं. प्लांटचे जुने ऑपरेटर मामा म्हणाले, "आता गप चाललंय." मलाही बरं वाटलं.

कॉइल स्वच्छ आहे का, ते पहिल्याच दिवशी बघा. भाड्याचं मशीन आधीच्या ठिकाणची धूळ घेऊन येतं. आपल्याकडची धूळ काही कमी नाही: फाउंड्रीत वाळू आणि फेटलिंगची पूड, साखर कारखान्याच्या शेजारी हंगामात बगॅसची राख, इचलकरंजीत कापसाचा तंतू. तंतू सगळ्यात वाईट, तो फिनवर गोधडीसारखा बसतो. धुताना पाणी हवेच्या उलट दिशेनं, म्हणजे आतून बाहेर मारा, आणि प्रेशर कमी ठेवा. गाड्या धुण्याचा जोरदार पंप लावून फिन आडवे केलेले मी पाहिलेत, मग कॉइलमधून हवाच जात नाही.

जागा निवडताना चारही बाजूंनी निदान मशीनच्या उंचीएवढं अंतर आणि वर मोकळं आभाळ, एवढं बघितलं तरी दुपारच्या बहुतेक ट्रिप जातात. बॉयलरची चिमणी, डीजीचा (डिझेल जनरेटरचा) रेडिएटर आणि कुलिंग टॉवरचा फवारा यांच्या वाऱ्याच्या वाटेत मशीन नको. उन्हाळ्यात दुपारनंतरचा वारा कुठून येतो, ते कारखान्याच्या वॉचमनला विचारा, त्याला बरोबर माहीत असतं.

सेट पॉइंट खाली ओढू नका

मशीन चालू राहिलं, पण दूध चार अंशांवर येईना. पॅनेल बघितलं तर सेट पॉइंट, म्हणजे चिलरनं पाणी किती थंड करायचं तो आकडा, २ अंश. विचारलं, तर उत्तर आलं, "आयबीटीचं पाणी एक अंशाला असतंय, म्हणून हेबी तसंच लावलं."

या चुकीवर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण ट्रिपपेक्षा हिचं नुकसान फार मोठं.

आइस बँक टँकमध्ये, म्हणजे आयबीटीत, बर्फ पायपांच्या बाहेर धरतो आणि पाणी त्या बर्फावरून फिरतं, म्हणून ते एक अंशाच्या आसपास येऊ शकतं. भाड्याच्या चिलरमध्ये पाणी बंदिस्त इव्हॅपोरेटरमधून, म्हणजे पाण्याची उष्णता थंड गॅस घेतो त्या भागातून, जातं. गॅस पाण्यापेक्षा चार-पाच अंश थंड असतो. पाणी २ अंशांना काढायचं म्हटलं की गॅस शून्याखाली जाणार, आणि साध्या पाण्याचा बर्फ नळ्यांवर, प्लेटांवर धरणार. म्हणून साध्या पाण्यावरच्या मशीनला चार अंशांच्या आसपास फ्रीझची सेफ्टी लावलेली असते. ती रात्री लोड उतरला की ट्रिप देते. मग कोणी तरी पासवर्ड मिळवून ती मर्यादाच खाली आणतो, आणि एका रात्री इव्हॅपोरेटर फुटतो. पाणी गॅसच्या सर्किटमध्ये शिरतं, कंप्रेसरपर्यंत पोचतं. तिथून पुढं ते मशीन दुरुस्तीचं राहत नाही. असं फुटलेलं एक मशीन मी उघडलं आहे. गॅसच्या लाइनीतून पाणी ठिबकताना बघणं वाईट असतं.

शिवाय क्षमताही जाते. १०० टीआर हा आकडा बहुधा ७ अंशांच्या पाण्यासाठी असतो. पाणी जेवढं थंड मागाल तेवढी क्षमता उतरते, दर अंशाला साधारण तीन टक्के. भाडं शंभराचं आणि काम पंच्याऐंशीचं.

मग करायचं काय? चिलरला गरम बाजूचं काम द्या.

तासाला १०,००० लिटर दूध ३० अंशांवरून ४ वर आणायचं आहे, असं धरू. दुधाची घनता १.०३ आणि विशिष्ट उष्णता ०.९३ धरली तर दर अंशाला सुमारे ९,६०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. एक टीआर म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. एकूण काम ८२ टीआरचं होतं. त्यातलं ३० ते १० अंशांपर्यंतचं काम ६३ टीआरचं, आणि १० ते ४ चं फक्त १९ टीआरचं. पहिलं काम ७ अंशांच्या साध्या पाण्यानं होतं. त्यासाठी पीएचईला (प्लेट हीट एक्स्चेंजर, यात प्लेटांच्या एका बाजूनं दूध आणि दुसऱ्या बाजूनं पाणी वाहतं) पुरेशा प्लेटा हव्यात आणि तासाला सुमारे ३८,००० लिटर पाणी फिरायला हवं. शेवटच्या सहा अंशांसाठीच आयबीटीचं बर्फाळ पाणी वापरायचं.

म्हणजे पीएचईचे दोन टप्पे करायचे, पहिल्याला चिलर आणि दुसऱ्याला आयबीटी. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. मिसळलं तर दोन्हींची मजा जाते: चिलरला थंड परतीचं पाणी मिळतं, तो अनलोड होतो म्हणजे कमी ताकदीनं चालतो, आणि आयबीटीचा बर्फ भलत्याच कामात वितळतो. त्या प्लांटवर टप्प्यांची जोडणी करायला एक रात्र लागली. उरलेला अमोनिया कंप्रेसर त्या १९ टीआरसाठी पुरून वर बर्फ धरू लागला. एक टन बर्फ वितळताना ८०,००० किलोकॅलरी, म्हणजे साधारण २६ टीआर-तास घेतो. सहा तासांच्या कामाला सव्वाचार-साडेचार टन बर्फ रात्रीतून तयार झाला की सकाळचं संकलन निर्धास्त. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात घेणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही, पण गावोगावच्या कॅनमधून आलेलं दूध तासभर जरी गरम राहिलं तरी जंतू वाढतात आणि पुढच्या मालाची चव जाते. त्यात शेतकऱ्याचा पैसा असतो.

शून्याजवळचं पाणी चिलरमधूनच हवं असेल तर ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) घालावंच लागतं. दुधाच्या, खाण्याच्या कामाला फक्त प्रॉपिलीन ग्लायकॉल, फूड ग्रेडचं. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. पीएचईच्या एखाद्या प्लेटेला सूक्ष्म भोक पडलं तर ते दुधात जाईल. प्रॉपिलीन ग्लायकॉलचं प्रमाण आकारमानानं ३० टक्के ठेवलं तर गोठणबिंदू सुमारे उणे १३ अंशांवर जातो. प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा, अंदाजानं नको. आणि टाकीतली पातळी उतरली की पाइप लावून साधं पाणी भरायची सवय बंद करा, दोन आठवड्यांत ३० चे १८ टक्के होतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पाण्याची बाजू

पाच अंशांच्या फरकावर चालणाऱ्या चिलरला एका टीआरमागं तासाला सुमारे ६०० लिटर पाणी लागतं. १०० टीआरला ६० घनमीटर. फ्लो मीटर नसला तरी आत-बाहेरच्या तापमानातला फरक बघून अंदाज येतो. मशीन पूर्ण लोडवर आहे आणि फरक नऊ-दहा अंश आहे, तर पाणी कमी फिरतंय. फरक दीड-दोनच आहे, तर पाणी कुठून तरी बायपास होतंय किंवा लोडच नाही.

पाणी कमी फिरण्याचं पहिलं कारण स्ट्रेनर. आपल्या जुन्या लाइनीत वर्षानुवर्षांचा गंज असतो, नवीन वेल्डिंगचे मणी असतात. चिलर जोडला की पाण्याचा वेग बदलतो आणि ते सगळं सुटून येतं. म्हणून जोडायच्या आधी चिलर बायपास करून लाइन नुसत्या पाण्यानं तासभर फिरवा आणि ते पाणी सोडून द्या. पहिल्या आठवड्यात स्ट्रेनर रोज उघडा, नंतर आठवड्यातून दोनदा. स्ट्रेनरच्या आधी आणि नंतर एकेक गेज बसवलं तर उघडायची वेळ गेजच सांगतं.

दुसरं कारण हवा. होज कंपाउंडच्या भिंतीवरून किंवा गेटच्या कमानीवरून नेला की त्या उंचवट्यात हवा अडकते. फ्लो स्विच फडफडतो, अलार्म येतो, जातो, पुन्हा येतो. सगळ्यात उंच जागी एअर व्हेंट लावा. साधा अर्धा इंची कॉक लावून हातानं हवा काढली तरी चालतं. पंप उलटा फिरतोय का, तेही बघा. उलटा फिरणारा पंप थोडंफार पाणी देतोच, म्हणून पटकन शंका येत नाही.

रात्रीच्या ट्रिपचं एक कारण वेगळंच असतं. चिलर मोठा आणि फिरणारं पाणी कमी. मशीन चालू झालं की चार मिनिटांत पाणी थंड, मशीन बंद, पाच मिनिटांत पुन्हा गरम. कंप्रेसर तासाला सहा-सात वेळा सुरू होतो. कारखान्यातल्या कामासाठी एका टीआरमागं निदान पंचवीस-तीस लिटर पाणी सिस्टीममध्ये हवं. १०० टीआरला तीन हजार लिटरच्या आसपास. एक इन्सुलेट केलेली बफर टाकी मध्ये घातली की हा त्रास संपतो, आणि भाडे कंपन्यांकडं चिलरबरोबर अशा टाक्याही मिळतात.

फाउंड्रीवाल्यांसाठी

शिरोलीतल्या एका फाउंड्रीत उलटा प्रकार झाला. इंडक्शन फर्नेसचा (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीचा) कुलिंग टॉवर कमी पडत होता म्हणून भाड्याचा चिलर थेट लाइनीत जोडला. परतीचं पाणी ४५ अंशांना येत होतं. इतकं गरम पाणी आत गेलं की कंप्रेसर ओव्हरलोड होतो आणि सकाळीही हाय प्रेशरवर बसतो. चिलर साधारण १२ ते २० अंशांचं पाणी आत घ्यायला बनवलेला असतो. इथं मध्ये पीएचई घालायचा, किंवा मिश्रणाचा बायपास ठेवून चिलरला पचेल तेवढंच गरम पाणी द्यायचं. ४५ वरून ३५ पर्यंतचं काम कुलिंग टॉवरलाच करू द्या. ते त्याला स्वस्तात जमतं.

आणखी महत्त्वाचं म्हणजे फर्नेसच्या पॅनेलचं डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) चिलरमधून कधीही फिरवू नका. होजमधली घाण आणि क्षार त्यात मिसळले की त्याची विद्युतवाहकता वाढते आणि पॅनेलला धोका होतो. पीएचईच्या अलीकडं चिलरचं पाणी, पलीकडं डीएम वॉटर, एवढी शिस्त हवीच. आणि पाणी थंड म्हणून १५ अंशांवर नेऊ नका. हवा २५ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली तर दवबिंदू २२ च्या थोडा वर असतो. पावसाळ्यात आपल्याकडं अशी हवा रोजची आहे. त्याहून थंड पाणी पॅनेलमध्ये गेलं की थायरिस्टरच्या हीट सिंकवर, बसबारवर दव धरतं आणि फ्लॅश होतो. पॅनेलला जाणारं पाणी फर्नेस बनवणाऱ्यानं दिलेल्या मर्यादेत आणि दवबिंदूपेक्षा पाच-सहा अंश तरी वर ठेवा.

वीज

१०० टीआरचा एअर-कूल्ड चिलर पूर्ण लोडवर सुमारे १२० किलोवॅट घेतो, म्हणजे ४१५ व्होल्टला २०० अँपिअरच्या घरात. लांबच्या पॅनेलमधून हाताशी असलेली केबल टाकून जोडलं की सुरुवातीलाच व्होल्टेज पडतं आणि रिले उडतो. व्होल्टेज पॅनेलवर मोजू नका, मशीनच्या टर्मिनलवर मोजा, आणि तेही कंप्रेसर सुरू होताना. तिन्ही फेजमधला फरक दोन टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मोटर तापणार. तीन टक्क्यांच्या असमतोलानं करंटमधला असमतोल कित्येक पट वाढतो. ढिल्या लगमुळंही (केबलच्या टोकाच्या जोडणीमुळंही) हेच होतं. पहिल्या दिवशी चार तास चालल्यावर सगळे लग वीज बंद करून पुन्हा आवळा, कारण तापून ते सैल होतात.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की वीज जाते, येते, एखादा फेज जातो. मशीनचा फेज रिले त्यावेळी ट्रिप देतो, ते त्याचं कामच आहे. तो बायपास करू नका. डीजीवर मशीन घ्यायचं असेल तर डीजी नुसत्या किलोवॅटवर निवडू नका, स्टार्टिंग करंट धरा, आणि फेजचा क्रम महावितरणच्या पुरवठ्याशी जुळतोय का, ते चेंजओव्हरच्या दोन्ही बाजूंना आधीच तपासा. वळीव येण्याआधी एकदा मुद्दाम वीज घालवून डीजीवर अर्धा तास चालवून बघा.

पावसाळा आणि परतीचा दिवस

मशीन जूनच्या पुढं ठेवायचं असेल तर पुराचा विचार करा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला. अशा वेळी पुण्याहून ना सुटा भाग येतो, ना मेकॅनिक. ज्याचं दूध, आइस्क्रीम किंवा औषधं मशीनवर अवलंबून आहेत त्यानं फॅन मोटर, काँटॅक्टर, फ्लो स्विच, फ्यूज, होजचे गास्केट आणि आठवडाभराचं डिझेल जुलैआधी आवारात आणून ठेवावं. मशीन सखल भागात उभं असेल तर सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवा, आणि पॅनेलचे केबल ग्लँड खालून बंद करा.

परत पाठवताना कॉइल, पॅनेल आणि नंबरप्लेटचे फोटो काढा, तासमापकाचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. इव्हॅपोरेटरमधलं पाणी पूर्ण काढा. ग्लायकॉल घातलं असेल तर ते गटारात किंवा नाल्यात सोडू नका. प्रॉपिलीन ग्लायकॉल विषारी नसलं तरी पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि एमआयडीसीचे नाले शेवटी पंचगंगेलाच मिळतात. स्वच्छ ड्रममध्ये भरा, रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा आणि तारीख ड्रमवर रंगानं लिहा, झाकण घट्ट करा. पुढच्या मार्चला तेच वापरता येतं.